नाडी बघून पियानो शिकवणाऱ्या सिस्टर

पियानोसमोर बसायच्या आधी हात पुढे करायचा, अशी सिस्टरांची शिस्त होती. मी मनगट पुढे करायचे. त्या दोन बोटं नाडीवर ठेवायच्या आणि छातीवर पिनेनं उलटं लावलेल्या घड्याळाकडे बघत राहायच्या.

"नाडी पळून राह्यली तुझी. कुत्रं लागलं होतं का मागं?"

"न्हाई सिस्टर, सायकल जोरात आणली."

"मंग बस तिथं. पाणी पी. पळत्या नाडीवर जर्मन बुवा वाजवायचे न्हाईत."

मी भिंतीला टेकून बसायचे. त्या तोवर वाटाणे सोलायच्या नाहीतर युनिफॉर्मचं निघालेलं बटण लावायच्या. थोड्या वेळानं पुन्हा नाडी. मनासारखी लागली की मान हलवायच्या, तेव्हा कुठे मी स्टुलावर. हे सोंग नव्हतं, त्या खरोखरच त्यावर विश्वास ठेवायच्या. ताल मोजायचं यंत्र असतं हे त्यांना माहीत होतं, पण "अंगात एक देवानं दिलंय, दुसरं कशाला," असं त्यांचं म्हणणं.

सिस्टर म्हणजे अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या दवाखान्यातल्या नर्स. आमच्या कॉलनीत त्यांचं नाव कुणी घेत नसे. पोरांपासून थेट अधिकाऱ्यांपर्यंत सगळे सिस्टरच म्हणायचे, त्यांचे यजमानसुद्धा. माझे वडील कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. आमचं क्वार्टर आणि त्यांचं क्वार्टर यांच्यामध्ये एक कडुनिंब आणि पाण्याची टाकी, एवढंच अंतर.

मी त्यांच्याकडे पोचले ती पायात खिळा गेल्यामुळे. तिसरीत होते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आईनं दवाखान्यात नेलं. मी टेबलाची कड घट्ट धरून रडत होते. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं, पायाला पट्टी बांधली आणि टेबलावरून माझी बोटं एकेक करून सोडवली. मग ती सोडलीच नाहीत. उलटीसुलटी करून बघत राहिल्या.

"हिला संध्याकाळी घरी पाठवा," आईला म्हणाल्या.

"का? पायाला काही झालंय का सिस्टर?"

"पायाला काय होतंय. बोटं लांब हायेत पोरीची."

आईला वाटलं, काहीतरी औषध द्यायचं असेल. ती मला घेऊन गेली. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, जिथं आमच्याकडे कॉट आणि टीव्ही होता, तिथं त्यांच्याकडे एक काळं, उंच, कपाटासारखं काहीतरी उभं होतं. आईनं विचारलं, "ह्यात काय ठेवता?" सिस्टरांनी झाकण उघडलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले.

एवढं मोठं वाद्य तिथं आलं कसं, ते त्या कपडे वाळत घालता घालता सांगायच्या. सिस्टर मूळच्या आष्टीच्या, शेतकऱ्याघरच्या. नर्सिंग शिकायला जालन्याला एका जुन्या दवाखान्यात आल्या. तिथल्या मॅट्रनबाई परदेशी होत्या आणि रविवारी प्रार्थनेला पियानो वाजवायच्या. एका वर्षी बाई घसरून पडल्या. डावं मनगट मोडलं. उजव्या हाताचं त्या कसंबसं वाजवत, पण डाव्याचं काय? त्यांनी शिकाऊ मुलींमधून ह्या आष्टीच्या पोरीला बोलावलं आणि फक्त डाव्या हाताची बाजू शिकवली. प्लास्टर निघेपर्यंत दोघी एका बाकावर बसून एक प्रार्थना वाजवायच्या. उजवा हात गोरा, डावा सावळा.

"पुढं बाईंचा हात बरा झाला, पण माझा डावा हात रिकामा बसंना," सिस्टर म्हणायच्या. "मंग त्यांनीच उजव्यालाबी कामाला लावलं."

बाई मायदेशी गेल्या तेव्हा पियानो ह्यांच्या नावे करून गेल्या. सिस्टरांचं लग्न कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांशी झालं होतं. हे काका पॅनवर होते, म्हणजे उसाच्या रसाची साखर होते त्या जागी. साखरेचा दाणा कधी धरतोय हे बघणारा शांत माणूस. ऊस उतरवून रिकाम्या झालेल्या ट्रॉलीत गाद्या घालून त्यांनी जालन्याहून पियानो आणला. सगळी कॉलनी बघायला उभी होती म्हणे. काका मला एकदा म्हणाले होते, "लोकांची बायको माहेराहून फ्रिज आणती. माझीनं हे आणलं. पण एक हाय, ह्याला लाइटबिल न्हाई."

तेही पुरतं खरं नव्हतं. घरात कूलर एकच होता आणि तो पियानोच्या खोलीत असायचा. आमच्याकडचा उन्हाळा लाकूड तडकवतो. मार्च संपला की सिस्टर कूलरचं गवत बदलायला जालन्याच्या मस्तगडातून नवं आणायच्या, कूलर भिंतीकडे तोंड करून लावायच्या, म्हणजे ओला वारा थेट पियानोवर जायला नको. पियानोच्या खालच्या फळीमागे पाण्याचं भांडं ठेवायच्या. स्वतः दोघं नवराबायको अंगणात झोपायचे. कुणी हसलं तर सिस्टर म्हणायच्या, "आपल्याला घाम येतो, त्याला येत न्हाई बिचाऱ्याला. कसं कळणार त्याला गरमी व्हायली ते?"

कोणाही संगीतकाराचं नाव त्या सरळ घेत नसत. ज्यांच्या स्वरलिपीची जाड पुस्तकं मॅट्रनबाईंनी ठेवली होती, त्यातले एक जर्मन बुवा. दुसरे पोलंडचे पाव्हणे. जर्मन बुवा घरचे, रोजचे. त्यांच्यापुढे पाठ ताठ ठेवायची. पाव्हणे अधूनमधून यायचे, त्यांचा मान वेगळा, त्यांना घाई करायची नाही. खरी नावं मला पुढे पुण्यात कळली, पण आजही कार्यक्रमपत्रिका लिहिताना माझ्या मनात आधी बुवा आणि पाव्हणे येतात.

डाव्या हाताचं त्यांना वेडच होतं. नवीन धडा आला की कितीतरी दिवस नुसता डावा हात. उजव्याला मांडीवर ठेवायचं. "उजवा कुणाचाबी चालतो. डाव्यावर घर उभं राहतं." त्यांनी मला घरीही डाव्या हाताची कामं लावून दिली. दार डाव्यानं उघडायचं, केस डाव्यानं विंचरायचे, भाकरीला पहिला हात डाव्याचा. पुढे एक दिवस मी ताटावर बसले आणि डाव्या हातानं वरणभात कालवला. आई उठली ती थेट सिस्टरांच्या दारात.

"सिस्टर, पोरगी डाव्या हातानं जेवून राह्यली! पंगतीत बसली तर लोक काय म्हणतील?"

"जेवायला मी सांगितलंच न्हाई," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "भाकरी थापायला सांगितलं. जेवायचं तिचं तिनं वाढवलं." मग आईकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुम्ही बसा बरं आधी. तोंड लाल झालंय. बीपी कधी बघितलं होतं?"

आईचं बीपी खरंच वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आईचं डोकं दुखायचं थांबलं आणि माझ्या डाव्या हाताचा विषय मिटला. जेवताना मात्र उजवा, असं ठरलं.

आता पियानोबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या. आतली दांडी मोडलेली होती. पट्टी दाबली तर आवाज येत नसेच, वर शेजारच्या अडकायच्या. दुरुस्तीला माणूस मुंबईहून आणावा लागणार, आणि तो साखर कारखान्यापर्यंत कशाला येतोय. सिस्टरांनी त्यावर आपला तोडगा काढला होता. तो सूर आला की बोट पट्टीच्या वर धरायचं, दाबायचं नाही, आणि सूर तोंडानं म्हणायचा. "आ" करून. बराबर त्याच उंचीचा, बराबर तेवढाच लांब.

मला ते विचित्र वाटलंच नाही. पहिल्यापासून तसंच शिकले. एकीकडे हात चाललेत आणि मधेच गळ्यातून एक सूर निघतोय, मग पुन्हा हात. कधी कधी तिन्ही सूर लागोपाठ यायचे, तेव्हा मी जवळजवळ गाणंच म्हणायचे. सिस्टर स्वतः वाजवायच्या तेव्हाही असंच. काका बाहेर ओट्यावर बसून ऐकत. त्यांना कारखान्याच्या आवाजानं एका कानानं कमी ऐकू येई. त्यांना वाटायचं, पियानो म्हणजे बाईच्या गळ्यासकट येणारंच वाद्य.

पोलंडच्या पाव्हण्यांचा एक संथ तुकडा मला काही केल्या येत नव्हता. सूर सगळे बरोबर, पण वाजवला की शाळेतल्या कवायतीसारखा. ताल सैल करायला गेले की दोन्ही हात अडखळायचे. सिस्टर कितीतरी वेळा म्हणाल्या, "उजव्याला मोकळं सोड, डाव्याला न्हाई." मला कळतच नव्हतं, एक सोडायचा आणि एक नाही म्हणजे काय.

गळिताचे दिवस होते. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या होत्या. त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, लहान पोरांना पोलिओचा डोस पाजायला सिस्टर जायच्या. त्या रविवारी मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. बर्फाचा डबा धर."

पाचटाच्या कोप्या, बाहेर चुली, मळीचा वास. एका कोपीत एक बाई सुपातले तांदूळ निवडत बसली होती. वर आड्याला झोळी बांधलेली, त्यात बाळ. झोळीची दोरी तिच्या डाव्या हातात. उजव्या हातानं ती खडे वेचत होती आणि बाळाला काहीतरी म्हणत होती. ओळ कुठे लांबवायची, कुठे मधेच थांबून खडा बघायची, मग राहिलेले शब्द भराभर म्हणून पुढच्या ओळीवर यायची. सिस्टर दारातच थांबल्या. मला पुढे ओढलं.

"हिचा डावा हात बघ."

मी बघितला. दोरी जात होती, येत होती. गाणं कुठेही थांबो, कुठेही धावो, दोरी आपली जात होती, येत होती.

"गाणं हिंडून राह्यलंय. दोरी हिंडती का?"

"न्हाई."

"झालं मंग."

ती बाई दचकून गप्प झाली होती. "काय झालं सिस्टरबाई? झोळी वाकडी बांधली का मी?"

"न्हाई माय, बिलकुल सरळ बांधली. तू म्हण, म्हण. पोरगं उठंल."

त्यांनी बाळ जागं होईपर्यंत वाट बघितली, मग डोस पाजला. त्या संध्याकाळी मी तो तुकडा वाजवला. डावीकडे दोरी धरली आणि उजव्या हाताला खडे वेचायला सोडून दिलं. सिस्टर उठून आत गेल्या आणि माझ्यासाठी वाटीभर शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. एवढे लाडू त्यांनी मला कधीच दिले नव्हते.

दहावी झाल्यावर एक दिवस त्या आमच्या घरी आल्या. वडील नुकतेच उसाच्या फडावरून आले होते. सिस्टर बसल्यासुद्धा नाहीत.

"भाऊ, माझ्याजवळचं संपलं. पोरीला पुण्याला न्यावं लागतंय."

वडील म्हणाले, "सिस्टर, हे शिकून करणार काय ती?"

"ते मला ठाऊक न्हाई. पण इथं राहिली तर माझ्यासारखी वाजवंल. माझ्यासारखी एक हाय की आष्टीची. दुसरी कशाला?"

वडील थोडा वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिले. मग म्हणाले, "मावशी आहे तिची पुण्यात. बघू, एकदा जाऊन तर या."

पुण्यात कॅम्पात एक वयस्कर सर होते, पियानो शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव मोठं होतं. मावशीनं ओळख काढून वेळ घेतली. सिस्टर आणि मी एसटीनं गेलो. सिस्टरांनी पांढरा युनिफॉर्म घातला होता, छातीवर घड्याळ. मी म्हटलं, "सिस्टर, साडी तरी नेसायची." तर म्हणाल्या, "मोठ्या माणसाकडं जाताना कामाच्या कपड्यात जावं."

सरांच्या दिवाणखान्यात लांबरुंद, आडवा पियानो होता. मी असा पहिल्यांदाच बघत होते. सिस्टरांनी माझी नाडी बघितली. सर चष्म्यावरून पाहत होते. मी जर्मन बुवा सुरू केले.

पहिला मुका सूर आला. माझं बोट पट्टीच्या वर थांबलं आणि मी "आ" केलं. सरांनी मान वर केली. पुढे दुसरा आला, पुन्हा "आ". तिसऱ्यानंतर त्यांनी हात वर केला.

"थांब. हे गातंय कोण?"

 सिस्टर म्हणाल्या, "सर, ते सूर आमच्या पियानोत मुके हायेत. म्हणून तोंडानं घ्यायचे."

सर उठून माझ्याजवळ आले. "इथे सगळे सूर वाजतात. आता न गाता वाजव."

मी तोंड घट्ट मिटलं आणि वाजवायला लागले. तोंड मिटलं खरं, पण बोटं खाली जाईनात. इतक्या वर्षांची सवय. ते सूर आले की बोट हवेत, आणि सुरावटीत भोकं. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. कान तापले. मला वाटलं, संपलं सगळं, आता परतीची एसटी.

सरांनी माझा हात हातात घेतला. अंगठा वाकवून बघितला, मनगट हलवून बघितलं. मग सिस्टरांकडे वळले.

"कान फार चांगला आहे. पण हाताची बैठक चुकीची आहे. अंगठा आत पडतोय, मनगट अडकलेलं आहे. हे सगळं मोडून पहिल्यापासून करावं लागेल. बराच काळ ही एकही गत पूर्ण वाजवणार नाही, नुसती पाच बोटं. चालेल?"

सिस्टरांनी विचारलं, "चूक हिची का माझी?"

 सर सरळ म्हणाले, "तुमची."

मला सरांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. पण सिस्टर उठल्या, पदराच्या जागी हात नेला, पदर नव्हताच, म्हणून दोन्ही हात युनिफॉर्मला पुसले आणि म्हणाल्या, "मंग मलाबी दाखवा. अंगठा कसा पाहिजे ते."

 सरांनी मला उठवलं आणि सिस्टरांना बसवलं. त्यांचा अंगठा धरून जागेवर ठेवला, मनगटाखाली बोट लावून ते उचललं. सिस्टर शाळेतल्या पोरीसारख्या खालचा ओठ दाताखाली धरून बसल्या होत्या. सरांनी हात सोडला तेव्हा त्यांनी एक पट्टी शोधली. आमच्या मुक्या तिघींपैकी मधली. हळूच दाबली.

सूर वाजला. मोठा, गोल, खोलीभर. सिस्टरांनी तो पूर्ण विरेपर्यंत ऐकला. पुन्हा दाबली. पुन्हा ऐकला.

"हा असा असतो व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मला सरांनी घेतलं. परतीच्या एसटीत सिस्टर खिडकीशी बसल्या, अहमदनगरला पेरू घेतला, अर्धा मला दिला. मला वाटत होतं, त्या दुखावल्या असतील. मी चाचपडत म्हणाले, "सिस्टर, सर जरा तोडूनच बोलले तुम्हाला."

"चांगला माणूस हाय. तोंडावर सांगितलं. मागं सांगितलं असतं तर माझा अंगठा तसाच राहिला असता न्हाई का?" आणि बाकीच्या प्रवासात त्या मांडीवर पर्स ठेवून तिच्यावर अंगठा बसवत राहिल्या.

तेव्हापासून सुट्टीत मी अंकुशनगरला गेले की आमच्या जागा बदललेल्या असायच्या. स्टुलावर सिस्टर, भिंतीला टेकून मी. पुण्यात मला जे नवं शिकवलं असेल ते सगळं त्यांना पाहिजे असायचं, त्याच क्रमानं, काही न वगळता. पाच बोटांचा तो कंटाळवाणा काळ मी पुण्यात रडत काढला, त्यांनी दवाखान्याची ड्युटी करून हसत काढला. मी चूक काढली की "बराबर" म्हणायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. कधी मी लाजेनं चूक सोडून दिली तर हात थांबवायच्या. "सोडू नको. तुझे सर सोडत होते का?"

पुढे पियानो दुरुस्त करणारा माणूसही आला, मीच पुण्याहून आणला. तिन्ही पट्ट्या बोलक्या झाल्या. सिस्टर खूश झाल्या, त्याला जेवू घातलं, त्याचं बीपी बघितलं. काकांनी मात्र संध्याकाळी ओट्यावरून विचारलं, "आज गळा बसला का हिचा?"

आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. निवृत्तीनंतर दोघं आष्टीला राहायला गेले. पियानोही गेला, कूलरही. मी पुण्यात शिकवते, कार्यक्रम करते. रविवारी दुपारी आमचा व्हिडिओ कॉल असतो. फोन पियानोवर साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो, त्यामुळे मला त्यांचे हात दिसतात आणि अधूनमधून हनुवटी. बोटांचे सांधे सुजलेले आहेत. तरी गेल्या वर्षीपासून त्यांनी पाव्हण्यांची एक अवघड रचना हट्टानं घेतली आहे. मी म्हटलं, ही जरा जड जाईल. तर म्हणाल्या, "मला कुठं जल्दी हाय? येईल तेव्हा येईल."

गेल्या रविवारी त्यांनी ती पहिल्यांदा शेवटपर्यंत वाजवली. फार हळू. दोन ठिकाणी अडखळल्या.

"काय चुकलं, सांग."

मी सांगितलं. शिवाय म्हणाले, "आणि शेवटच्या ओळीत तुम्ही फार वेळ थांबता. तिथं एवढं थांबायचं लिहिलेलं नाही."

"ते चुकलं न्हाई. ते मला आवडतं."

"पण सिस्टर—"

"बाकीचं बराबर. ते राहू दे." आणि पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "आता तू वाजव काहीतरी. मी ऐकते."

मी वाजवायला बसले. तिकडे फोन बहुतेक आडवा झाला, पडद्यावर आष्टीच्या घराचा पंखा तेवढा फिरताना दिसत होता. मी तीच रचना घेतली. शेवटच्या ओळीपाशी आले आणि सिस्टर थांबतात तेवढी थांबले. वाईट नव्हतं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिकडून काहीच आवाज नाही. नंतर पंखा हलला, फोन कुणीतरी उचलला आणि काकांचा चेहरा आला, अगदी जवळ, चष्म्यासकट.

"झोपली ती," ते दबक्या आवाजात म्हणाले. मी हात आवरायला लागले तसे घाईघाईनं म्हणाले, "अगं थांबू नको. थांबलीस की उठती ती."

मी वाजवत राहिले.